दोन्हीकडून बापूसाहेब

चौकोनात रंग भरायच्या बाबतीत शुक्रवार पेठेतले नईमभाई कुणाच्या बापाचं ऐकत नसत. तीस वर्षं त्यांनी चादरींच्या नक्ष्या काढल्या होत्या. मोर, कमळ, हरणं, सगळं ग्राफच्या कागदावर, चौकोनामागून चौकोन. त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवरची चित्रंही अशीच चौकोनाचौकोनांची असतात, असं लेक समरानं सांगताच त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "मग हे तर आपलंच काम हाय की. चित्र मी काढणार!"

समराच्या कॉलेजच्या अडगळीत चाळीस वर्षांपूर्वीचा एक कॉम्प्युटर पडला होता. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून चालवायचा. तिनं खटपट करून तो जिवंत केला आणि त्याच्या जोडीला तसलेच आणखी काही जमवले. आता या म्हाताऱ्या यंत्रांना राहायला एक खोली हवी होती. खोली द्यायची की सगळं भंगारात घालायचं, हे ठरवायला संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब शनिवारी जातीनं येणार होते. बापूसाहेबांचा फेटा, झुपकेदार मिशा आणि उजव्या गालावरचा तीळ साऱ्या सोलापूरला ठाऊक. त्यांचाच चेहरा पडद्यावर उमटवायचा, म्हणजे बापूसाहेब खूश आणि खोली पक्की, असा समराचा बेत होता. पण कीबोर्ड अजून रुसलेला होता आणि चित्राला तिच्याकडे वेळ नव्हता. अब्बा एवढं म्हणतायत तर काढू देत, असं तिनं ठरवलं.

चित्र नव्या यंत्रावर काढायचं आणि मग जुन्यावर चढवायचं. त्यासाठी तिनं लॅपटॉपवर तीन सॉफ्टवेअरं उतरवून दिली. नवी पेठेत गिऱ्हाईक चादर बघतं तशी नईमभाईंनी ती बघितली: ओढून, उलटून, नाक मुरडून. पहिलं फुकट होतं. फुकटचा माल एका धुण्यात विटतो, म्हणून ते बाद. दुसऱ्यात लाखो रंग होते. जुन्या यंत्राला झेपणार सोळा, मग बाकीचे कुणाच्या लग्नाला? शिवाय ते आधी नाव विचारायला लागलं, मग पत्ता, मग मोबाइल नंबर. सोयरीक जुळवतंय का काय, म्हणून तेही बाद. मेहनाजभाभी कणीक मळता मळता म्हणाल्या, की मला पसंत करतानासुद्धा तुम्ही इतका वेळ घेतला नव्हता.

तिसऱ्यात मात्र नईमभाईंना एक बटण सापडलं. ते दाबून एका कोपऱ्यात रेघ मारली, की आरशात पडावी तशी तीच रेघ उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांत उमटायची. नईमभाईंना भरून आलं. चादरीची नक्षी अशीच तर करतात. पाव भाग आपण काढायचा, बाकीचे तीन आपसूक. हेच सॉफ्टवेअर घ्यायचं, असा निकाल त्यांनी तिथंच दिला.

"पण अब्बा, चेहऱ्याला ते बटण कसं चालेल?"

"चेहरा दोनी बाजूंनी सारखाच असतोय की," नईमभाई म्हणाले, आणि समराला कीबोर्डाकडे पिटाळून त्यांनी कामाला हात घातला.

एक कोपरा पडद्यावर मोठा करून घेतला आणि एकेक चौकोन भरत ते निघाले. फेट्याचे पीळ उतरले, डोळा उतरला, तीळ उतरला, अर्धी मिशी उतरली. काय ती मिशी! मिशी संपली आणि चित्राचा मध्य आला. तिथं त्यांचा हात आपोआप थांबला. तीस वर्षं त्यांचं काम तिथंच संपायचं. समाधानानं त्यांनी लॅपटॉप मिटला आणि चहा मागितला.

समरानं चित्र बघायला मागितलं, तर त्यांनी दाखवलं नाही. चादर मागावरून उतरायच्या आत बघायची नसते, बरकत जाते, असा त्यांचा कायमचा नेम. समराचा अब्बांच्या हातावर भरवसा होता. तिनं न बघताच चित्र कॅसेटवर चढवलं. नईमभाईंनी मात्र पेठभर दवंडी पिटली, आणि चादरींच्या कारखान्यातल्या संगप्पाला तर हाताला धरून कार्यक्रमाला आणला.

शनिवारी हॉल भरला. बापूसाहेब पहिल्या रांगेत, नईमभाई त्यांच्या मागेच. समरानं कॅसेट लावली. यंत्र किरकिरलं आणि टीव्हीवर चित्र वरून खाली एकेक ओळ उतरू लागलं. फेटा आला. टाळ्या पडल्या. डोळे आले. मग तीळ आला, पण दोन्ही गालांवर. लोक थोडे चुळबुळले. मिशा आल्या तेव्हा पुन्हा टाळ्या पडल्या, आणि आता हनुवटी येणार म्हणून सगळे बघत राहिले.

हनुवटी आलीच नाही. मिशांखाली उलट्या मिशा आल्या, मग उलटं नाक, आणखी दोन तीळ, उलटे डोळे, आणि सगळ्यात शेवटी उलटा फेटा. पत्त्यांतल्या राजासारखे बापूसाहेब दोन्हीकडून हॉलकडे बघत होते.

बापूसाहेबांनी फेटा सांभाळत मान जमेल तेवढी वाकडी करून चित्राचा खालचा भाग पाहिला. मग विचारलं, "कुनी काढलं हे?"

नईमभाई पुढच्या खुर्चीला धरून उठायला लागले. तेवढ्यात समोरून आवाज आला.

"मी काढलं, साहेब." समराची मान ताठ होती.

नईमभाईंनी कपाळाला हात लावला. गेली खोली, गेले ते कॉम्प्युटर, आणि बोल मात्र लेकीच्या माथी.

बापूसाहेबांच्या मिशा हलायला लागल्या. ते हसत होते. बघता बघता अख्खा हॉल हसायला लागला.

"मला उलटा पाडायला लई जन टपल्यात," ते म्हणाले. "पन उलटा पडलो तरी मी सरळच, हे दाखवनारी ही पयलीच पोरगी. खोली दिली!"

त्यांनी समराला स्टेजवर बोलावलं आणि आपल्या गळ्यातला हार तिच्या गळ्यात घातला. नईमभाईंनी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, समराचा फुललेला चेहरा पाहिला आणि मिटलं. मग सगळ्या हॉलला ऐकू जातील अशा टाळ्या वाजवल्या. आपल्यासाठी पुढं होणारी अशी लेक साऱ्या पेठेत कुणाला नव्हती.

संगप्पानं त्यांना कोपरानं ढोसलं. "अरं, चित्र तू काढनार हुतास न्हवं? पेठंभर सांगत फिरलास. मग तू काय केलंस?"

नईमभाईंनी डोळे पुसले, कॉलर नीट केली आणि म्हणाले, "सॉफ्टवेअर मी निवडलं की."