तीन पॅनेलची जागा

मल्लिनाथकाकांनी मला फसवलं. बारा सौर पॅनेल ठरले होते, त्यांच्या गच्चीवर नऊच बसू दिले.

काका माझे शेजारी. मोजपट्टी गळ्यात उपरण्यासारखी घालून हिंडतात. अणुवीज केंद्रात तीस वर्षं फिटर होते; सोलापुरात परतले ते एकच प्रश्न घेऊन. "जागा किती खातंय?" पुतणीच्या लग्नात त्यांनी रुखवतातला सोफा मोजला आणि नवरदेवाला भर मांडवात विचारलं, "दारातनं आत जाणार कसा?"

मी सायकलवर बल्ब विकत मोठा झालो, आता पॅनेल बसवतो. त्यामुळे आमचा वाद रोजचा.

"तुझं सौर महिन्यात उभं राहतं, कबूल. पण सगळं सोलापूर त्याच्यावर चालवायचं तर शेतंच्या शेतं झाकावी लागतील. ढग आले की बोंब! आमची भट्टी एवढ्याशा जागेत रात्रंदिवस चालते."

"आणि उभी कधी राहते? पायाभरणीला कडेवर असलेलं पोरगं उद्घाटनाला टक्कल घेऊन येतं! शिवाय तिच्या शेजारी राहायला तयार कोण होतं हो?"

यावर काका मोजपट्टी गुंडाळायला लागायचे. मग म्हणायचे, "व्हय. अणू शेजाऱ्यापाशी अडतो, ऊन सावलीपाशी."

शेवटी मी त्यांना पटवलंच. पण नऊ पॅनेल बसले आणि काका माझ्या घराकडच्या कडेला आडवे उभे राहिले.

"हितं न्हाय."

"का?"

"जागा न्हाय. सुम्म, गप बस की."

एवढी कड रिकामी, आणि जागा नाही! दिवाळीपासून तीन पॅनेल माझ्या दुकानात पडून. परवा सकाळी मीच मोजपट्टी घेऊन वर चढलो. बसवल्याशिवाय उतरणार नव्हतो. कड मोजली. तीन आरामात मावत होते.

काका कठड्यावरून खाली वाकून सांगत होते, "अक्का, डावीकडं सरका जरा. ऊन चाललं."

मी डोकावलो. खाली माझंच अंगण. माझी अव्वा, म्हणजे आई, दुखरे गुडघे उन्हात पसरून बसलेली. उन्हाचा तेवढाच पट्टा, आणि तो या रिकाम्या कडेवरून उतरलेला. कठड्यावर खडूच्या रेघा होत्या, प्रत्येकीपुढे ऊन तिथं पोचायची वेळ लिहिलेली.

गावभरच्या गच्च्यांवर कुठं सावली पडेल ते मी आखून देतो. स्वतःच्या अंगणात कधी पाहिलं नव्हतं.

राग आला तो आलाच.

"काका, जागा नाही म्हणून खोटं बोललात. अव्वाला ऊन लागतं, हे तिच्या पोटच्या पोराला का नाही सांगितलं? मोजपट्टी गुंडाळू नका. जबाब द्या!"