हिरडीच्या रंगाचा गुलाब

"कुंडी दोन्ही हातांनी धरायची, पायाखाली बघत उतरायचं आणि जिन्यात कुणाशी गप्पा मारत थांबायचं नाही," बायकोने तिसऱ्यांदा बजावलं. "एवढं एकच काम सांगतेय."

"अगं, लोकांचे जबडे हाताळतो मी. कुंडीचं काय घेऊन बसलीस!"

तो कवळ्या बनवायचा. गल्लीत सगळे त्याला कवळीवाले म्हणत. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. तिसऱ्या मजल्यावर घर आणि तळमजल्यावर कामाची खोली. आपण केलेले दात कुठले आणि जन्माचे कुठले हे खुद्द मालकालाही ओळखता येत नाही, अशी त्याची बढाई होती आणि ती बरीचशी खरी होती.

समोरच्या बागेत आज गल्लीचा वसंत मेळावा होता. गाणी, खेळ, झाडं ओळखत फिरण्याची फेरी असं बरंच काही होतं, पण बायकांचा जीव अडकला होता तो फुलांच्या स्पर्धेत. गेली चार वर्षं बायकोचा दुसरा नंबर येत होता आणि पहिला वरच्या मजल्यावरच्या थोरल्या जाऊबाईंचा. नंबराचं एक वेळ पचलं असतं. पण बक्षीस घेऊन खाली उतरताना जाऊबाई दरवर्षी म्हणायच्या, "मी काही विशेष करत नाही गं, आपोआपच येतं." हे वाक्य बायकोला वर्षभर पुरायचं, आणि थोडंफार नवऱ्याच्याही वाट्याला यायचं. यंदा मात्र तिच्या कुंडीत मुठीएवढा फिकट गुलाबी गुलाब फुलला होता. दोन महिने ती त्या झाडाशी ज्या आवाजात बोलत होती, तो आवाज नवऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच शेवटचा ऐकला होता.

बायको टेबलं मांडायला पुढे गेली. त्याने कुंडी दोन्ही हातांनी धरली, आणि हात गुंतलेले म्हणून दार पायाने ओढलं. वाऱ्याने दार धाडकन आपटलं. हादऱ्याने फूल टपकन खाली पडलं. "अरे देवा!" म्हणून तो पुढे झाला, तेव्हा बुटाखाली काहीतरी मऊ लागलं.

बूट उचलण्याची हिंमत व्हायला त्याला अर्धं मिनिट लागलं. दुसरं फूल विकत आणावं, तर फुलवालीने दुकान बंद करून बागेत टेबल मांडलं होतं, तेही बायकोच्या शेजारीच. तो कुंडी घेऊन तळमजल्यावर उतरला, कामाच्या खोलीत शिरला आणि आतून कडी लावून डोकं धरून बसला.

समोर मेणाच्या पातळ लाद्या पडल्या होत्या. कवळीच्या हिरडीचा आकार घडवायला लागतात त्या, फिकट गुलाबी. त्याने लादी उचलून बुटाच्या तळाला चिकटलेल्या पाकळीशेजारी धरली. रंगात तसूभर फरक नव्हता.

मग हात आपोआप चालू लागले. दिवा पेटला, मेण मऊ झालं, एकेक पाकळी वळली. पंचवीस मिनिटांत तारेच्या देठावर गुलाब उभा राहिला. पण सगळे दात एकसारखे केले की कवळी खोटी वाटते, हा धंद्यातला पहिला धडा. म्हणून त्याने एक पाकळी जराशी दुमडली आणि दुसरीवर बारीक तपकिरी डाग टाकला. राहता राहिला वास. खोलीत सुवासिक म्हणावी अशी एकच वस्तू होती, दाढदुखीवरचं लवंगेचं तेल. दोन थेंब टाकून त्याने तार पानांत खोचली आणि कुंडी घेऊन तो बाहेर पडला. खरं सांगायचं, तर भीतीपेक्षा अभिमानच जास्त वाटत होता.

बागेत पोचल्यावर मात्र घाम फुटला. स्पर्धेची टेबलं भर उन्हात होती आणि आपलं फूल मेणाचं. तो धावत घरी गेला, छत्री आणली आणि कुंडीवर धरून उभा राहिला.

"अहो, हे काय?" बायकोने विचारलं.

"कोवळं आहे गं ते. जपायला नको?"

बायकोचा चेहरा एकदम पडला. ती टेबलावरचं कापड नीट करू लागली. ओळखलं वाटतं हिने, म्हणून त्याने छत्री आणखी खाली घेतली.

"भावजी, छत्री कशाला?" शेजारच्या टेबलावरून जाऊबाईंनी विचारलं.

"उन्हाने रंग उडतो, वहिनी."

पाचच मिनिटांत त्याचा थोरला भाऊ जाऊबाईंच्या फुलांवर छत्री धरून उभा होता. अर्ध्या तासात बागेत चौदा कुंड्या, चौदा छत्र्या आणि चौदा नवरे झाले. हात भरून आले की ते एकमेकांकडे बघायचे, आणि मग सगळे मिळून कवळीवाल्याकडे.

परीक्षक होते वनस्पतिशास्त्राचे निवृत्त मास्तर. त्यांच्या तोंडात कवळीवाल्यानेच केलेली कवळी होती. ते गुलाबापाशी थबकले. चष्मा पुसला.

"हा रंग मी कुठेतरी पाहिलाय," ते पुटपुटले. "रोजच्या बघण्यातला आहे. आठवत कसा नाही?"

"असेल कुठेतरी, मास्तर," कवळीवाला घाईने म्हणाला. रोज सकाळी आरशासमोर 'आ' करता तेव्हा बघता, हे काही सांगण्यासारखं नव्हतं.

मास्तरांनी वाकून वास घेतला. "लवंग! गुलाबाला लवंगेचा वास! चाळीस वर्षं शिकवलं, पण असली जात पाहिली नाही. आणि हा डाग बघा. हा डागच सांगतो, की फूल अस्सल आहे."

पहिला नंबर पुकारला गेला. टाळ्यांमध्ये बायकोला कप मिळाला. जाऊबाई पुढे आल्या. "छानच आलंय गं. काय केलंस एवढं?"

चार वर्षं वाट पाहिलेला क्षण समोर उभा होता. ते वाक्य आता बायकोने नुसतं परत करायचं होतं. पण तिने कसंनुसं हसून मान खाली घातली. नवऱ्याला काही उमगेना.

घरी आल्यावर तिने कुंडी शेगडीशेजारी ठेवली, चहाचं आधण चढवलं आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"अहो, मी फसवलं हो सगळ्यांना! माझं फूल परवाच माझ्या हातून तुटलं. फुलवालीकडून तसंच एक आणून पानांच्या बेचक्यात खोचलं होतं मी. आणि तुम्ही तीन तास त्या विकतच्या फुलावर छत्री धरून उभे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

त्याच्या छातीवरचा धोंडाच उतरला. म्हणजे आपण तुडवलं ते हिचं फूल नव्हतंच! खरं तर तेव्हाच सगळं सांगून दोघांनी पोटभर हसायला हवं होतं. पण वीस वर्षांच्या संसारात माफ करण्याचं काम कायम तिच्याकडेच राहिलं होतं. आज पहिल्यांदा ते त्याच्याकडे आलं होतं. इतक्या लवकर हातचं जाऊ द्यायला त्याचं मन होईना. शेगडीकडे पाठ करून, हात मागे बांधून तो उभा राहिला.

"रडू नकोस. माणूस आहे, चुकतो. मी तुला माफ केलंय."

"खरंच?"

"खरंच. पण एक लक्षात ठेव. नवराबायकोत लपवाछपवी नको. मला बघ, मी कधी तुझ्यापासून काही लपवलंय?"

"नाही हो," ती हुंदका देत म्हणाली आणि चहा उतू जातोय का बघायला तिने मान वर केली.

"खोटं कितीही सुबक असलं, तरी एक ना एक दिवस उघडं पडतंच. धंद्यात एवढी वर्षं घालवल्यावर सांगतोय."

बायकोचं रडणं थांबलं होतं. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे टक लावून बघत होती. त्याला वाटलं, शब्द मनाला भिडले. मग पाठीमागे चहात टप्पकन काहीतरी पडलं. थोड्या वेळाने आणखी एकदा. खोलीभर लवंगेचा वास सुटला.

त्याने वळून बघितलं. गुलाबाने कंबरेत वाकून नमस्कार घातला होता. उघडी पडलेली तार चकाकत होती आणि तपकिरी डागाची पाकळी लांबट होत होत पातेल्याकडे निघाली होती.

बायकोने पदराने डोळे कोरडे केले, स्टूल ओढलं आणि त्यावर ऐसपैस बसली.

"बोला ना," ती म्हणाली, "थांबलात का?"