बायची पाचर

धर्मामिस्त्री ट्रॅक्टरपाशी जाताना चपला काढायचा. बाहेर चिखल असो की काटे, शेडच्या दाराशी चपला ठेवायच्या, आत वाकून बघायचं आणि विचारायचं, "बाय, येऊ का?" उत्तर येईपर्यंत थांबायचं. उत्तर काय यायचं ते त्यालाच ठाऊक! आम्ही कचेरीतली टवाळ मंडळी खिडकीतून खिदळायचो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

ही बाय म्हणजे राजवाड्याच्या बागेसाठी विलायतेहून आणलेला बुटका ट्रॅक्टर. जव्हार संस्थान विलीन झालं, बाग सरकारची झाली, बाय सरकारची झाली. धर्मा कोणाचा हे मात्र ठरायचं होतं. दसऱ्यानंतर ठाण्याहून साहेब येऊन बाय चालवून बघणार आणि मग धर्माला ठेवायचं की घरी पाठवायचं ते सांगणार होते. खोडाळ्याच्या त्याच्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं.

मी नवा कारकून. सरकारी मालाची यादी करायला श्रावणात शेडमध्ये शिरलो. बघतो तर क्लचचं पेडल खाली दाबून वर सागाची पाचर ठोकलेली. यादीत ट्रॅक्टर होता, हँडल होतं, ताडपत्री होती, पाचर नव्हती. मी म्हटलं, म्हाताऱ्याचा काहीतरी चक्रमपणा! हातोडीनं पाचर काढली आणि माझ्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल असं घट्ट बसलं म्हणता, मला माझ्या अकलेचं कौतुकच वाटलं.

दसरा झाल्यावर धर्मानं शेड उघडली आणि तसाच कचेरीत आला.

"भाऊ, बायची पाचर बघितलीस का?"

"कसली पाचर? मला काय माहीत?"

बघा, किती सहज बोललो! जीभ झडली कशी नाही. त्यानं टेबलावर हात टेकला, खाली एकदा नजर टाकली. मग म्हणाला, "बरा. घाई नाय. तिलाच विचारतो."

तीन दिवस तो विचारत होता. पेडलच्या सांध्यांत तेल सोडलं, दांडा काढून पुन्हा बसवला, लोखंडाला कान लावून पडून राहिला. चौथ्या दिवशी मला समजावलं, "आमच्याकडं चार महिने पाऊस. पेडल दाबून नाय ठेवला तर आतली प्लेट गंजून इंजिनाच्या चाकाला चिकटते. मग पेडल मारा नायतर डोकं आपटा, इंजिन चाकांना सोडतच नाय. बैल जोडून झटका द्यायला पायजे. दोन दिवस दे."

मी समजल्यासारखी मान हलवली. पण पाचर होती तिथंच राहिली.

दुसऱ्याच दिवशी साहेब हजर! बागेत मांडव, खुर्ची, चहा. धर्मा हात जोडून म्हणाला, "आज नको, साहेब. तिची मर्जी नाय." साहेब हसले. "मर्जी? चालव!" चार माणसांनी ढकललं, इंजिन चालू झालं आणि बाय निघाली ती निघालीच. धर्मा पेडलवर उभा राहिला तरी थांबेना. इंजिन बंद करायच्या बटणापर्यंत हात पोचेतो मांडवाचे दोन खांब गेले, चहाचं तबक गेलं आणि साहेबांची खुर्ची बायच्या चाकाखाली चपटी झाली. साहेब उडी मारून गुलाबांत पडले म्हणून वाचले.

"चूक कोणाची?" काटे उपटत साहेब ओरडले.

मी माझ्या बुटांकडे बघत होतो. आता बोल, आता बोल, असं आतून कुणी ढोसत होतं. नाही बोललो.

"माझीच," धर्मा म्हणाला. "पावसाळ्यात पाचर मारायची राहिली. म्हातारा झालो."

झालं! त्याला घरी पाठवायचा हुकूम माझ्याच अक्षरात लिहिला गेला.

जायच्या आधी त्यानं शेजारच्या वाडीतून बैल आणले, पेडल दाबून धरलं, झटके देऊन प्लेट सोडवली आणि बाय पुसून ठेवली. मग कचेरीत आला. पंच्यातून सागाचा एक तासलेला तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला.

"हा तुझ्या टेबलाला घाल, भाऊ. ती बायला परत दे."

मी वाकून पाचर काढली आणि तुकडा तिच्या जागी सारला. तंतोतंत बसला.

"माप... कधी घेतलंत?"

"पाचर विचारायला आलो ना, त्याच दिवशी. टेबल हलत नव्हता." तो चपला घालत म्हणाला, "तुझी नोकरी नवी. घरी आई हाय, बायको हाय. माझ्या मागं कोण हाय? एक बायच. तिला पावसाळ्यात विसरू नको म्हणजे झाला."

मोटारीच्या थांब्याकडे तो एकटाच चालत गेला आणि मी खिडकीआड लपलो.

जेठाच्या अखेरीला शेडचं कुलूप मी काढलं. बूट बाहेर ठेवले. हातात टेबलाखालून काढलेली बायची पाचर. आत वाकलो, "बाय, येऊ का?" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. उत्तर येण्याची मला भीती वाटत होती.