वामनकाकांची परदेशी सवत

"याले कायद्यानं इथं येता येते का?"

अकोल्याच्या जुन्या शहरात फळगाडीवर किवी दिसलं, की आमचे शेजारी वामनकाका हेच विचारतात. गाडीवाला बावचळतो. काका सोडत नाहीत. "इथला भागीदार कोन हाय याचा?" मग संत्री घेऊन घरी येतात.

हे खूळ पंपांमुळं लागलं. काका आणि त्यांचे बालमित्र शालिग्रामकाका यांचं पंपांचं दुकान. शहराच्या पाणीपुरवठ्याची टेंडरं दोघं मिळून भरायचे. मग एका मोठ्या टेंडरला परदेशी कंपनी उतरली. तिला इथला एक भागीदार दाखवणं भाग होतं. तिनं शालिग्रामकाकांना गाठलं, आणि ते परस्पर हो म्हणून बसले.

तेव्हापासून काका त्या कंपनीला 'सवत' म्हणतात.

"सवतीचा सायेब आला म्हने. शाल्या त्याले पाटोडी चारून राह्यला! मले कधी बलावलं का?"

"काका, तुम्हाला तिखट सोसत नाही."

"नसन सोसत. इचाराले काय जाते?"

सरकारी खरेदीचे नियम काका जेवतानाही वाचू लागले. काकू म्हणाल्या, "लग्नाच्या वक्ती माही पत्रिका बी इतकी नाई पायली यायनं."

शेवटी त्यांना हवं ते सापडलं. पंपात ठरलेला हिस्सा देशी मालाचा हवा. या कंपनीचे पंप तयारच येणार होते, इथं फक्त रंग लागणार होता. अमरावतीच्या कार्यालयातल्या बैठकीत काकांनी उभं राहून हरकत घेतली. मी सोबतीला होतो. हरकत मान्य झाली. कंपनी बाद, आणि तिच्यासोबत शालिग्रामकाकाही.

व्हरांड्यात ते एवढंच म्हणाले, "वामन्या, माह्या पोटावर पाय देला तू."

"मले एका शब्दानं इचारलं असतं तं?" काका म्हणाले. शालिग्रामकाका निघून गेले.

परतीच्या एसटीत काकांनी मला मागं बसवलं आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. शालिग्रामकाका चढले, पाहिलं, आणि पुढं दांडा धरून उभे राहिले. लोक काकांना विचारत, "कोनी हाय का इथं?"

"हाय."

मूर्तिजापूरला गुडघे बोलू लागले असावेत. शालिग्रामकाका मागं आले, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बसले. थोड्या वेळानं त्यांना डुलकी लागली आणि डोकं काकांच्या खांद्यावर कललं.

काका जरासुद्धा हलले नाहीत. मान न वळवता मला कुजबुजले, "ड्रायव्हरले सांग, धीरे चालव म्हना."