बावीस वळणांचे वर्तमान

श्री. ज्याने मोदकांनी उदर भरोन मूषकावर बैठक मारली, आणि मूषक वाट सोडोन कोठेही उधळला तरी ज्याच्या पोटातले पाणी हलले नाही, त्या गजाननास प्रथम वंदन. त्यामागे घाटातील देवीस वंदन, की जिला आम्ही एकेका वळणावर हाक मारिली. शके अठराशे अठ्ठावन्न, धातानाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहू नये ऐसी आज्ञा आहे. लिहिणाराचे नाव लिहू नये ऐसे लिहिणारानेच ठरविले, त्याचे कारण पुढे कळेल.

त्या राज्याचे श्रीमंत शूर, न्यायी आणि बोलण्यात बेताचे होते, आणि त्यांस एकच कन्या, मैनाबाई नामे, पाच वर्षांची, पुढला एक दात पडलेली, परंतु त्या फटीतूनही शब्द नेमका सोडणारी. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत, परंतु त्या वर्षी घाटाखाली पटकीची साथ होती, म्हणोन राणी उमाईसाहेब राजधानीतच बाळंत जाहल्या, आणि उमाईसाहेबांचे वडील आबासाहेब, जे घाटाखालील गढीत राहत, त्यांस नातीचे मुख पाहावयास मिळाले नाही. मग घोड्यावरून पडोन आबासाहेबांच्या मांडीचे हाड मोडले आणि ते बाजेस खिळले, आणि इकडे यंदा जाऊ, पुढल्या साली जाऊ, ऐसे म्हणता म्हणता पाच वर्षे सरली. दोष कोणाचा हे बखरीत लिहीत नसतात, परंतु लिहितो: सर्वांचा.

ऐसियास कार्तिकात आबासाहेबांचे पत्र आले, ते कोणा कारकुनाच्या हातचे होते. मजकूर की, 'डावा डोळा गेला. उजव्याचे वैद्य म्हणतो की शिमगा दिसेल ऐसे सांगवत नाही. माणसाचा तोंडवळा आताच नीट कळत नाही, रंग मात्र कळतो. तरी पोरीस तांबडा कुसुंबी परकर नेसवोन लवकर आणावे. नजर आहे तोवर पाहीन.' हे पत्र उमाईसाहेबांनी उभ्याने वाचिले आणि मग खाली बसल्या.

श्रीमंतांपाशी त्या समयी विलायती मोटाररथ होता, काळा, चकचकीत, घोड्यावाचोन धावणारा, आणि सटवोजी नामे सारथी तो हाकीत असे. घाट बावीस वळणांचा, उतरावयास दोन प्रहर पुरत. तेव्हा काम सोपे ऐसे सर्वांस वाटले. परंतु मैनाबाईस गाडी लागत असे. सपाटीवर दोन कोस गेले की मुख पिवळे पडे, मग कपाळी घाम येई, मग ती एकच बोट वर करी, आणि त्या बोटानंतर कोणाच्या हाती काही राहत नसे. मेण्यात घालोन पाहिले तो मेण्याच्या हेलकाव्यानेही तेच. आणि त्या राजघराण्याची पूर्वापार चाल ऐसी की, स्वारी निघाल्यावर राजकुळातील कोणास वाटेत वांती जाहली तर तो मोठा अपशकुन, मग जेथे असाल तेथोन माघारी फिरावे. ही चाल कोणी घातली ते दप्तरात सापडत नाही. ज्याने घातली त्यास लेकरू नसावे.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस पहिली स्वारी निघाली. श्रीमंतांच्या आत्यासाहेब वयाने व अधिकाराने वाड्यात सर्वांत थोर, त्यांनी सुखरूप प्रवास व्हावा म्हणोन मैनाबाईच्या तळहातावर दहीसाखर घातली आणि ती चाटविली. मग मावळणीने घातली, मग धाकट्या काकींनी, मग दोघी चुलत आज्यांनी, कारण एकीची घेतली आणि दुसरीची नाकारली ऐसे कसे करावे, आणि उपाशीपोटी प्रवास नको म्हणोन वरोन शिरा व केशरी दूध दिले. मग पोरीस कोणाची दृष्ट लागू नये म्हणोन रथाच्या चहूबाजूंस जाड मखमाली पडदे सोडिले, मध्ये गाद्यांत तिला बसविले, आणि जवळ वांती झेलावयास तस्त धरणारा स्वच्छ हाताचा माणूस पाहिजे म्हणोन दप्तरातील लिहिणारास बसविले. लिहिणारा म्हणजे मी. चौदा वर्षे या हातांनी तहनामे लिहिले, म्हणोनच नाव लिहीत नाही. तिसऱ्या वळणावर बोट वर जाहले, तस्त अर्ध्या वितीने चुकले, कुसुंबी परकर भिजला, आणि स्वारी माघारी आली.

मग मसलत बसली. नागोपंत वैद्य मोठे विद्वान, त्यांनी नाडी पाहिली, आलेपाक दिला, आवळासुपारी दिली, हुंगावयास लिंबू दिले, बसण्याखाली वर्तमानपत्राची घडी घालावी ऐसे सांगितले, आणि वांतीचा वास जावा म्हणोन पडद्यांवर हिना अत्तर शिंपडविले. आत्यासाहेब बोलिल्या, "मागल्या खेपेस नक्कीच कोणाची तरी नजर लागली. पडदे दुहेरी करा." आणि पडदे दुहेरी जाहले, आणि दह्याचे बोट एक वाढले. दशमीस दुसरी स्वारी निघाली. आत इतका अंधार व इतके अत्तर होते की सातव्या वळणावर मलाच काही सुचेना. मैनाबाई माझ्याकडे पाहोन बोलली, "लिहिणारेकाका, मला काहीच दिसत नाही. नुसतं हलतंय." हे वाक्य मी तेव्हाच लिहोन ठेवावयाचे होते. परंतु एका हाती तस्त, दुसऱ्या हाती लिंबू, लेखणी कोणत्या हाती धरावी? तोच बोट वर जाहले. दुसऱ्या खेपेस परकर धुतला तेव्हा कुसुंबी रंग बहुत उतरला, कारण तो रंग पाण्यास धरून राहत नाही.

त्यानंतर ऐसे जाहले की वाड्याबाहेर भोंगा वाजला तरी पोर पांढरी पडे. एके दिवशी ती उमाईसाहेबांच्या मांडीवर पडोन विचारू लागली, "आई, माझ्यामुळे आजोबांचं बघायचं राहील का गं?" आणि पौर्णिमेस दुसरे पत्र आले, त्यात इतकेच की, 'आता दुपारच्या उन्हातच काय ते दिसते. घाई करावी.'

तेव्हा उमाईसाहेबांनी भर दरबारात सटवोजी सारथ्यास बोलाविले. आजवर त्यास कोणी काही विचारिले नव्हते, कारण रथ हाकणारास पोटाचे काय कळते. सटवोजी पागोटे सावरीत बोलिला, "सरकार, सा वर्सं झाली हाकतोय, माझ्या पोटात कवा ढवळलं न्हाई. पर गेल्या साली गाडी दुरुस्तीला नेली, तवा त्या मिस्तरीनं हाकली आन मला मागं पडद्यात बसवलं. दुसऱ्या वळणाला मी भाइर. पोट रस्त्यानं जातंय आन डोळं पडद्यात कोंडल्यालं. त्येंची गाठ पडायला नको व्हय? पोरीला म्होरं बसवा. लांबचं बघू द्या. आन ते दही ऱ्हाऊ द्या, लागलं तर वाळक्या भाकरीचा तुकडा द्या."

राजकन्येने सारथ्याच्या शेजारी, उघड्या तोंडाने, चाकराच्या आसनावर बसावे! आत्यासाहेब उठल्या आणि बोलिल्या, "आमच्या घराण्याची पोर चारचौघांत उघडी नेणार? दृष्ट लागली म्हणजे?" त्यांचे डोळे भरले होते, कारण त्यांचे स्वतःचे लेकरू कधी काळी तापाने गेले होते आणि ते दृष्ट लागोनच गेले ऐसे त्या मानीत. हे सर्वांस ठाऊक होते, म्हणोन कोणी हसले नाही. तेव्हा उमाईसाहेबांनी त्यांचे पाय धरिले आणि म्हणाल्या, "आत्यासाहेब, दृष्ट लागली तर मीठमोहऱ्या ओवाळून तुम्हीच काढाल. आबांची नजर गेली तर ती कशानं आणायची?" आत्यासाहेबांनी दह्याची वाटी मागविली, नखाच्या टोकाने एक थेंब पोरीच्या जिभेस लाविला, आणि वाटी दासीच्या हाती परत दिली. येणेप्रमाणे तिसऱ्या स्वारीची मसलत सिद्ध जाहली.

वद्य द्वितीयेस सकाळी स्वारी निघाली. पुढे सटवोजी, त्याच्या शेजारी उमाईसाहेब, त्यांच्या मांडीवर मैनाबाई, धुवोन धुवोन फिकट गुलाबी उरलेला परकर नेसोन. मागे श्रीमंत आणि मी. मागचे पडदे श्रीमंतांनी तसेच ठेविले, कारण एका दिवसात किती चाली मोडाव्या यास काही मर्यादा असते. सटवोजी वळण येण्याआधी सांगे, "आता डावीकडं जायाचं, ताईसाहेब. त्यो पलीकडला सुळका दिसतोय न्हवं? त्येच्यावरनं डोळा काढू नका." आणि मैनाबाई सुळक्यावर डोळा ठेवी. तिसरे वळण गेले. पाचव्यास मुख पिवळे पडले, तेव्हा सटवोजीने रथ थांबविला, पोर खाली उतरली, करवंदीच्या जाळीपाशी उभी राहोन वारा प्याली, आणि मग आपणच बोलली, "चला." सातवे गेले. उमाईसाहेबांचा श्वास मागे मला ऐकू येत होता.

नवव्या वळणावर वांती जाहली. परंतु ती श्रीमंतांस जाहली. तस्त या खेपेस चुकले नाही, इतक्या दिवसांच्या अभ्यासाने माझा हात बसला होता. सटवोजीने रथ उभा केला आणि मागे न पाहता बसोन राहिला. चाल सर्वांस ठाऊक, राजकुळात वांती म्हणजे माघार, आणि येथे तर खुद्द राजा. उमाईसाहेबांनी डोळे मिटले. मग श्रीमंतांनी तस्तातून मुख वर काढिले, मुख पुसले, आणि माझ्याकडे पाहोन विचारिले, "लिहिलंस?" मी म्हणालो, "हात गुंतले आहेत, सरकार." तेव्हा आज्ञा जाहली, "मग हेही लिही, की आजपासून ती चाल बंद. पोट आहे, ढवळणारच. सटवोजी, पुढं हाक." आणि स्वहस्ते मागचे पडदे ओढोन दरीत फेकिले. मैनाबाई वळोन बोलली, "बाबासाहेब, जवळचं बघू नका. लांबचं बघा, म्हणजे बरं वाटतं." आणि श्रीमंत लांबचे पाहू लागले. मी पाहिले आहे, की पुढली तेरा वळणे बाप आणि लेक एकाच सुळक्याकडे पाहत होते.

ऐन दुपारी गढीच्या अंगणात रथ शिरला. आबासाहेबांस बाजेसह उन्हात आणोन ठेविले होते. डोईस स्वच्छ पागोटे, दाढी नुकती केलेली, दोन्ही हात मांडीवर, जणू कोणी तसबीर काढणार आहे. मैनाबाई आपल्या पायांनी चालत गेली, बाजेपासोन चार पावलांवर उभी राहिली, आणि म्हणाली, "आजोबा, मी आले. मला उलटी झाली नाही."

आबासाहेबांनी मान उचलली आणि उजवा डोळा बारीक करोन पाहू लागले. त्यांच्या समोर फिकट परकर होता, तो उन्हात विरोन गेला. हातभर डावीकडे खांबाच्या खुंटीवर कोणाची तांबडीभडक शाल टांगली होती. आबासाहेबांची नजर शोधत शोधत त्या शालीवर गेली आणि तेथे थांबली, आणि म्हातारा हसला, आणि डोळ्यांतून पाणी गळू लागले, आणि बोलिले, "दिसली. दिसली रे. आईचीच उंची घेतलीय."

उमाईसाहेबांनी तोंडावर पदर धरिला. श्रीमंत पुढे होऊन काही बोलणार, तोच मैनाबाईने आजोबांच्या डोळ्यांकडे पाहिले, मग ते डोळे जिकडे लागले होते तिकडे पाहिले. मग ती मुकाट्याने खांबापाशी गेली, टाचा उंच करोन खुंटीवरली शाल ओढिली, अंगाभोवती गुंडाळली, आणि तेथेच, आजोबा जेथे पाहत होते तेथे, उभी राहिली.

आबासाहेब म्हणाले, "हं, आता हललीस. मघापासनं खांबासारखी उभी होतीस, म्हटलं पोर लाजतेय की काय."

मैनाबाई म्हणाली, "लाजत होते." आणि शालीसकट त्यांच्या कुशीत शिरली.

येणेप्रमाणे स्वारी पावली. आठ दिवस मुक्काम जाहला, रोज दुपारी ती शाल पांघरोन उन्हात बसे आणि आबासाहेब तिला पाहत. माघ वद्यात उजवा डोळाही मावळला, परंतु त्या आधीचे जे पाहावयाचे ते पाहोन जाहले होते. रथास पुन्हा पडदे लाविले नाहीत. आत्यासाहेब मीठमोहऱ्या ओवाळीत, आणि दह्याचा थेंब नखावरच राहिला. वांती पुढेही कधीमधी जाहली, तेव्हा थांबावे, वारा घ्यावा आणि पुढे जावे ऐसी नवी चाल पडली. 'लाजत होते' हे मैनाबाई खरे बोलली नाही हे लिहिणारास ठाऊक आहे. घडले तसे लिहावे ऐसा या दप्तराचा नेम, म्हणोन लिहिले, आणि तिला दोष लाविला नाही.