दुकान वाढवल्याबद्दल

फसली सन १३३१च्या, म्हणजे इंग्रजी १९२१च्या, कार्तिकात सिरसाळ्याच्या पेठेतलं चन्नप्पांचं किराणा दुकान जळालं. शेजारच्या भडभुंज्याच्या भट्टीतली ठिणगी छपरावर पडली आणि गूळ, खोबरं, हळदीची पोती, बापाच्या हातची गादी, सगळ्याची तासाभरात राख झाली. दुकानं पूर्वीही जळत. लोक दोन दिवस हळहळत आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या दुकानातून मीठ आणत. पण चन्नप्पांच्या दुकानाचा बीमा उतरवलेला होता, आणि अशा दुकानाला नुसतं जळून भागत नाही.

चन्नप्पा मात्र निर्धास्त होते. हैदराबादच्या 'आतिशपनाह बीमा कंपनी'चा उर्दू कागद त्यांनी घरी देव्हाऱ्याखाली ठेवला होता. तो त्यांना वाचता येत नव्हता, त्यामुळं त्याच्यावर त्यांची श्रद्धा जरा जास्तच होती. घोर एकच होता. शिवरात्रीला परळीच्या वैजनाथाकडं जाणारी सगळी गर्दी सिरसाळ्यावरून जायची आणि त्या आठ दिवसांत वर्षाची निम्मी विक्री व्हायची.

"शिवरात्रीच्या आत दुकान उभं न्हाई राहिलं," शांतादेवी नवऱ्याला म्हणाल्या, "तर समोरच्या वीरभद्राच्या दुकानात ताजवा धरायला बसावं लागंल तुमाला."

"कावून बसू? कंपनी हाय की."

कंपनी आठव्या दिवशी तट्टावर बसून आली. बीडच्या शाखेचे कारकून त्रिंबकराव, मूळचे पैठणचे. मराठीत जबाब घ्यायचा आणि त्याचं उर्दू करून हैदराबादला धाडायचं, हे त्यांचं काम. राखेशेजारी घोंगडी अंथरून ते बसले आणि त्यांनी आधी हक्क वाचून दाखवले.

"मालमत्ताधारकास आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत जबाब देण्याचा हक्क आहे. त्यातला एकही शब्द कंपनी बदलणार नाही."

"लई चांगलं हाय," चन्नप्पा म्हणाले.

"आणि तुम्हालाही बदलता येणार नाही. लावा अंगठा."

चन्नप्पांनी अंगठा लावला आणि वैजनाथाची शपथ घेऊन खरं तेच सांगितलं. "दिवेलागणीनंतर गिऱ्हाईक सरलं. मग मी दिवा वाढवला, दुकान वाढवलं, कुलूप घातलं आन् घरी गेलतो."

आता व्यापाऱ्याच्या घरात दुकान कधी बंद होत नाही. बंद होतं ते दिवाळं निघाल्यावर. दिवाही विझत नाही, विझतो तो वंशाचा. म्हणून दोन्हींना 'वाढवणं' म्हणायचं. हे सिरसाळ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्रिंबकरावांनाही होतं. त्यांनी शब्दाला शब्द लावून चोख उर्दू केलं, वाळू टाकून शाई वाळवली आणि ते गेले.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'आगीच्याच दिवशी, कंपनीस न कळवता, आपण दुकान वाढवल्याचे स्वमुखाने कबूल केले आहे. बीमा मूळ दुकानाचा होता, वाढीव दुकानाचा नव्हे. सबब दावा नामंजूर. शिवाय निघण्यापूर्वी आपण दिवाही वाढवलात. तो किती वाढवला व कोणत्या हेतूने, याचा खुलासा करावा.'

पत्राची नक्कल तहसिलीत गेली होती. तिथला चपराशी धुळाजी हुकूम घेऊन आला. विनापरवाना वाढवलेला भाग आठ दिवसांत पाडावा.

"काय पाडू बे?" चन्नप्पा म्हणाले. "राख हाय समदी."

धुळाजी इमानदार नोकर. त्यानं दोरी लावून राख मोजली. दोन महिन्यांच्या वाऱ्यानं ती रस्त्याकडं सरकली होती. "दोन हात वाढ हाय, शेटजी," तो म्हणाला, आणि तसा पंचनामा झाला. चन्नप्पांनी खराटा आणून दोन हात अतिक्रमण झाडून काढलं.

मग त्यांनी बैलगाडी जुंपली आणि बीड गाठलं.

"रावसाहेब, तुमी मराठी माणूस. दुकान वाढवणं म्हंजी काय, ठाऊक न्हाई तुमाला?"

"ठाऊक आहे की. माझा भाऊ पैठणला रोज दुकान वाढवतो."

"मग तसं लिवा की."

"ते मला घरी ठाऊक आहे, शेट. इथं मी कचेरीत आहे." त्रिंबकरावांनी चष्मा पुसला. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं आणि ते वाईट वाटणं कचेरीच्या वेळेतच चाललं होतं. "तुम्हाला पुरवणी जबाबाचा हक्क आहे. सरळ म्हणा, दुकान बंद केलं, दिवा विझवला. माझं उर्दू सरळ होईल."

चन्नप्पांच्या बापानं चाळीस वर्षं ती गादी चालवली, पण हे शब्द कधी तोंडातून काढले नव्हते. बाप गेला त्या दिवशीसुद्धा दुकान वाढवलंच होतं. पण शिवरात्र तीन आठवड्यांवर होती. त्यांनी मनातल्या मनात वैजनाथाची माफी मागितली आणि खाली बघत म्हणाले, "दुकान बंद केलं. दिवा विझवला."

"शाब्बास," त्रिंबकराव म्हणाले, आणि त्यांनी शब्दाला शब्द लावला.

या वेळी उत्तर पंधरा दिवसांतच आलं, तेही मराठीत. 'पुरवणी जबाबावरून कंपनीचे पूर्ण समाधान झाले. आपण दुकान वाढवले नव्हते, बंद केले होते, हे सिद्ध झाले. तथापि कंपनीचा करार चालू दुकानाशी होता. बंद केलेल्या दुकानास लागलेल्या आगीशी कंपनीचा संबंध पोहोचत नाही. आपल्या भावना ध्यानात घेऊन कंपनी हे प्रकरण बंद करीत नाही; ते आदरपूर्वक वाढवण्यात येत आहे.'

"वाढवलं म्हणत्यात," शांतादेवींचा चेहरा उजळला. "म्हंजी मिळंल न्हवं?"

चन्नप्पांनी कागद घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवला. बायकोला सांगायचा धीर त्यांना झाला नाही.

शिवरात्रीला पेठ फुलून गेली. चन्नप्पा वीरभद्राच्या दुकानात ताजवा धरून बसले होते. समोर त्यांची स्वतःची जागा तेवढी मोकळी होती, स्वच्छ झाडलेली, मापाबरहुकूम. दिवेलागण झाली, गिऱ्हाईक सरलं. वीरभद्र हिशेबातून मान वर करून म्हणाला, "चन्नप्पा, वाढवा आता."

चन्नप्पांचा हात दिव्याशी थबकला. त्यांनी अदबीनं विचारलं, "किती हात?"

वीरभद्र पोट धरून हसला. तुम्हालाही हसू आलं असेल तर खुशाल हसा, आणि हसून झालं की घरातल्या कपाटातला तुमचा बीम्याचा कागद काढा. सही तुमचीच आहे. मागची बारीक अक्षरं वाचायची राहिली असतील, तर हरकत नाही. वेळ आली की कंपनी ती तुम्हाला शब्दाला शब्द लावून वाचून दाखवील. तोवर मी ही गोष्ट इथं वाढवतो.