मीठगल्लीतली अस्सल सॉसेजं

दुपारी एकला विहीणबाई यायच्या होत्या, आणि साडेबारा वाजले तरी रूयिंगच्या सुरीखाली सॉसेज कापलं जाईना. अर्धा तास वाफवूनही ते हूं की चूं करत नव्हतं. उलट खालच्या पाण्याला लालभडक रंग सुटला होता.

"अहो, हे काढलंत कुठून?"

"दारावरून. तूच म्हणालीस ना, दोन काढा," तिचा नवरा पेई म्हणाला.

रूयिंगने ते नाकाला लावलं. तिरफळ, तिखट, दारू, संत्र्याची साल, यातला कशाचाच वास येईना. नव्या चपलेचा येत होता.

शाओतुंगचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं लग्न आजच्या जेवणावर अडलं होतं. मुलीची आई नियेबाई चेंगदूहून घर बघायला येणार होती, आणि तिकडच्या बायका घर बघतात म्हणजे नव्या वर्षाची सॉसेजं चाखतात. त्यासाठी रूयिंगने कंबर मोडेपर्यंत खपून आठ किलो भरली होती आणि वाळायला दारात टांगली होती.

"सकाळी मी बाजारात गेले तेव्हा कोण आलं होतं?"

"कंपनीची माणसं, शिडी घेऊन. म्हणाली, सजावट सगळ्या गल्लीत एकसारखी हवी, दारातली सॉसेजंसुद्धा. म्हटलं, बदला. चहासुद्धा पाजला मी त्यांना."

"चहासुद्धा पाजला," रूयिंग म्हणाली आणि एप्रनसकट घराबाहेर पडली.

जुनी मीठगल्ली पर्यटकांसाठी चालवायला घेतलेल्या कंपनीचे क्वांग साहेब तिकीट खिडकीमागे बसले होते. माणूस गोड बोलणारा.

"मावशी, प्लास्टिकची कशी एकसारखी दिसतात. तुमची लहानमोठी होती. शिवाय तेल गळत होतं. परवा एका मुलीने फोटोसाठी भाड्याने घेतलेल्या झग्यावर डाग पडला. लोकांना जुनी गल्ली आवडते हो, पण स्वच्छ."

"माझी सॉसेजं कुठायत?"

क्वांगने फोन लावला, ऐकलं आणि कान खाजवला. खोकी बदलली होती. रूयिंगची सॉसेजं भरलेलं खोकं सजावटीचं समजून लूच्या दुकानात गेलं होतं.

लूचं दुकान गेल्या उन्हाळ्यात उघडलं होतं. पाटीवर 'शंभर वर्षांची परंपरा' असं लिहिलं होतं आणि माल कारखान्यातून यायचा. एरवी तिथे माशा मारायचं काम चाले. आज मात्र रांग नुकतीच हटली होती.

"मावशी, तुमची आहेत हे मला काय माहीत?" लू म्हणाला. " प्लास्टिकची म्हणून टांगली, तर लोक वासावर आत आले. भाव विचारायला लागले. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं?"

"सगळी संपली?"

"शेवटची आत्ताच गेली. पैसे देतो ना तुम्हाला."

"पैसे वाफवून वाढू का?"

ती घरी परतली तेव्हा पाहुणे येऊन बसले होते. टेबलावर मासा होता, टोफू होता, आणि मधली मोठी बशी रिकामी होती. ती बघून रूयिंगला रडूच यायला लागलं.

नियेबाईंनीही बशी पाहिली. "असू दे हो विहीणबाई. असल्या गल्लीत राहून हल्ली घरी कोण करतंय? माझ्या मनात आलंच होतं, म्हणून येतानाच घेतली." त्यांनी पुडकं पुढे केलं. "शेवटचीच होती. टाका वाफवायला."

रूयिंगने आत जाऊन पुडकं सोडलं. सॉसेजच्या टोकाला निळ्या दोऱ्याची तिचीच गाठ होती. तिने चूल पेटवली.

पहिला तुकडा तोंडात टाकून नियेबाईंनी डोळे मिटले. "याला म्हणतात सॉसेज."

पेईला राहवलं नाही. "अहो, ही हिनेच केलीत."

नियेबाई मनापासून हसल्या. "दुकानदारही तेच म्हणाला, आम्हीच करतो, पणजोबांची कृती आहे. या गल्लीत ज्याला त्याला एक पणजोबा निघतो."

शाओतुंगने काही बोलायला तोंड उघडलं. रूयिंगने जेवणाच्या काड्यांनी त्यात एक तुकडा कोंबला.

"माणसं साधी आहात तुम्ही," नियेबाई म्हणाल्या. "मला घर पसंत आहे. लग्नाच्या जेवणात मात्र हीच हवीत, वीस किलो तरी. तुम्ही इथल्याच, ओळख असेलच. जरा भाव पाडून घ्या."

रूयिंगने त्यांच्या वाडग्यात आणखी दोन तुकडे वाढले.

"करणारी ओळखीची आहे," ती म्हणाली, "पण भाव नाही पाडायची ती."